विश्लेषण : लहान मुलाला शेतावर न्यायचे तर कधी, कुठे आणि कसे?

डिसेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या मोबाइलवर हुरडा पार्टीच्या जाहिराती फिरू लागतात. बैलगाडी, झोका, चुलीवरचे जेवण, ‘मुलांना शेती दाखवा’ असे आवाहन आणि माणशी दर. दुसरीकडे शहरात राहणाऱ्या अनेक कुटुंबांची गावाकडे अजून शेती असते. पण चार वर्षांच्या मुलाने ज्वारीचे उभे पीक पाहिलेले नसते. त्यामुळे शेतावरची एक दिवसाची सहल ही आता पालकांना ठरवून करावी लागणारी गोष्ट झाली आहे. ती कोणत्या महिन्यात करावी, हुरडा कोणत्या वयाच्या मुलाला द्यावा, शेतातला खरा धोका कोणता आणि ज्याच्या शेतात जायचे त्या शेतकऱ्याला यातून काय मिळते? परभणीजवळच्या पिंगळीचे उदाहरण घेऊन याचा आढावा.

पिंगळीचेच उदाहरण का?

पिंगळी हे परभणी तालुक्यातले गाव. मनमाड–काचीगुडा या निजामाच्या काळात टाकलेल्या लोहमार्गावर परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मध्ये पिंगळीचे छोटे स्थानक आहे. हा मार्ग आज दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. परभणी शहरातून निघालेल्या पालकाला येथे पोहोचायला आदल्या दिवशीपासून तयारी करावी लागत नाही. लहान मुलाच्या सहलीत हीच बाब सर्वांत महत्त्वाची ठरते. दोन-तीन तासांचा प्रवास करून शेतावर पोहोचलेले मूल बहुधा पेंगुळलेले किंवा चिडचिडे असते. सवारी गाडीने थोड्या वेळात पोहोचणारे मूल मात्र खिडकीतून शिवार बघतच येते आणि त्याच्यासाठी सहल तिथूनच सुरू होते.

दुसरे कारण म्हणजे पिंगळीसारखे गाव हे पर्यटनस्थळ नाही. परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक गावांप्रमाणे काळी कसदार जमीन, खरिपात कापूस, सोयाबीन आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, शेतात आखाडा, आखाड्यावर गोठा आणि कडब्याची गंज. डोंगर, धबधबा, समुद्र यांपैकी काही नाही. मोठ्यांना ‘बघण्यासारखे काही नाही’ असे वाटेल अशी ही जागा लहान मुलाला पुरून उरते. तीन-चार वर्षांच्या मुलाला देखावा नको असतो. हात लावता येईल असे काही तरी हवे असते.

कृषी पर्यटन आणि नात्यातले शेत यांत फरक काय?

शेतावर पाहुणे बोलावणे मराठवाड्याला नवे नाही. लातूर, धाराशिव या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला ‘वेळ अमावास्या’, बोलीत ‘येळवस’, साजरी होते. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि शिवार भरते. कडब्याची कोप करून पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेल्याने आग्रहाने बोलावायचे, ही या सणाची रीत. अनेक मुलांची शेताशी पहिली ओळख अशा दिवशीच होते.

त्याला व्यवसायाचे रूप आले ते अलीकडे. इटलीने १९८५ मध्ये कायदा करून शेतावरच्या पाहुणचाराला शेतीपूरक व्यवसाय म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातल्या पळशीवाडी येथे कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. पुढे अनेक शेतकऱ्यांनी तोच मार्ग धरला. १६ मे हा दिवस आता जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार किमान एक एकर शेतजमीन असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालवू शकतो. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि कृषी विद्यापीठे यांनाही ही मुभा आहे. नोंदणीकृत केंद्राला प्रमाणपत्र मिळते. पालकांनी फोनवर दर विचारण्याआधी हे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे.

तरीही प्रमाणपत्र म्हणजे लहान मुलासाठी सुरक्षित जागा, असे समीकरण नाही. केंद्रावर स्वच्छतागृह, बसायला सावली आणि जेवणाची सोय असते. पण शनिवार-रविवारी गर्दी, मोठा आवाज आणि एकाच वेळी चाळीस-पन्नास पाहुणे असतात. नात्यातल्या शेतावर गर्दी नसते, शेतकरी ओळखीचा असतो. पण विहिरीला कठडा असेलच असे नाही. पहिल्या ठिकाणी मूल गर्दीत नजरेआड होण्याची भीती, दुसऱ्या ठिकाणी उघड्या पाण्याची. दोन्हीकडे पालकाला डोळ्यात तेल घालून राहावे लागते.

वर्षातला कोणता काळ योग्य?

जून ते सप्टेंबर हा खरिपाचा काळ. शिवार हिरवेगार असते, फोटो छान येतात. पण लहान मुलासाठी हा काळ सर्वांत अवघड. काळ्या मातीत पाय रुततात. गवत वाढलेले असते आणि सर्पदंशाच्या घटना याच दिवसांत वाढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कापूस आणि सोयाबीनवर फवारण्या चालू असतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला होता. फवारणी करणाऱ्या धडधाकट माणसाला जे विष बाधते, ते लहान मुलाला किती बाधू शकेल याचा अंदाज यावरून यावा. या काळात जायचेच असेल तर ‘गेल्या काही दिवसांत फवारणी झाली आहे का?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर ‘हो’ असेल तर बेत पुढे ढकलावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी असते. शेतकऱ्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर असतो. मळणी यंत्र धडधडत असते. पाहुण्यांकडे आणि त्यांच्या मुलाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नसते. पांढऱ्याशुभ्र बोंडांनी भरलेली पऱ्हाटी मुलाला दाखवण्यासारखी असते, पण ती बांधावरून.

डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. रान कोरडे असते, फवारण्या तुलनेने कमी असतात, ज्वारी डोक्यावर गेलेली असते आणि हरभऱ्याला घाटे लागलेले असतात. ज्वारी हुरड्यात येते ती याच दिवसांत. मात्र परभणीची थंडी हलकी समजू नये. हिवाळ्यात येथे किमान तापमान पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. सकाळी सातला मुलाला शेतावर उभे करण्यात अर्थ नाही. ऊन वर आल्यावर, साडेनऊ-दहाला पोहोचावे आणि चारच्या आत परतीला लागावे.

मार्चमध्ये ज्वारीची काढणी बघायला मिळते, पण ऊन तापू लागलेले असते. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या बराच वर असतो. तेव्हा लहान मुलाला दुपारी शेतावर नेऊच नये. आंब्याखाली सकाळचे दोन तास, एवढीच मर्यादा.

हुरडा म्हणजे नेमके काय आणि तो कोणत्या वयात द्यावा?

ज्वारीचा दाणा भरल्यावर, पण वाळून कडक होण्याआधी, काही दिवस दुधाळ आणि गोड असतो. या अवस्थेतले कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि हिरवे कोवळे दाणे खायचे. भाजण्यासाठी जमिनीत केलेला खड्डा म्हणजे आगटी. सोबतीला शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ, दही, बोरे, ऊस, हरभऱ्याचे डहाळे.

प्रत्येक ज्वारीचा हुरडा सारखा लागत नाही. सुरती, गूळभेंडी हे जुने गोड वाण यासाठी प्रसिद्ध आहेत. परभणीत १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव लाभलेले मराठवाडा कृषी विद्यापीठ ज्वारीच्या संशोधनासाठी ओळखले जाते. ‘परभणी मोती’ हा रब्बी ज्वारीचा वाण इथलाच. याच विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला वाण विकसित केला. तो २०१८ मध्ये प्रसारित झाला. पिंगळीला निघालेल्या मुलाच्या ताटातली भाकरी आणि परभणीतली प्रयोगशाळा यांच्यात असे जवळचे नाते आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र गोष्ट चवीच्या पुढे जाते. हुरड्याच्या ताटात लहान मुलासाठी सर्वांत धोक्याचा पदार्थ हुरडा नसून भाजलेले शेंगदाणे आणि हरभरे हा असतो. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असा बालआरोग्यातला सर्वसाधारण सल्ला आहे. पळता पळता, हसता हसता दाणा श्वासनलिकेत अडकतो. म्हणून शेंगदाणे कुटून चटणीच्या रूपात, हुरडा थोडा थोडा आणि खाली बसवून द्यावा. बोराची बी काढून टाकावी. उसाचे पेर मुलाच्या हाती देण्यापेक्षा रस पाजावा. दोन वर्षांखालच्या मुलासाठी हुरडा दह्यात ठेचून चमचाभर पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये आणि गाईचे दूधही पिण्यासाठी देऊ नये. मोठ्या मुलालाही धारोष्ण म्हणजे न उकळलेले दूध देऊ नये. त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. आजोबांनी लहानपणी प्यायले होते, हा युक्तिवाद येथे चालत नाही.

मुलाला दाखवायचे काय?

पालकांची नेहमीची चूक म्हणजे सगळेच दाखवण्याची घाई. विहीर, मोटार, ठिबक, गोठा, ट्रॅक्टर, झोका, बैलगाडी असा धावता दौरा झाला की मुलाच्या लक्षात फक्त झोका राहतो. झोका तर शहरातल्या बागेतही असतो. त्यापेक्षा एक जनावर, एक पीक आणि एक काम एवढेच ठरवून गेले तर बरे.

जनावर : परभणी, नांदेड, लातूर हा लाल कंधारी गोवंशाचा पट्टा. गडद तांबड्या रंगाची, मध्यम बांध्याची ही जनावरे औताला चांगली. लातूरच्या बाजूला पांढऱ्या-काळ्या रंगाची देवणी आढळते. शेळ्यांत उस्मानाबादी प्रसिद्ध. मुलाला आधी लांबून बघू द्यावे. मालक जवळ उभा असताना, जनावराच्या तोंडासमोरून किंवा मागून न जाता बाजूने जाऊन मानेवर हात फिरवू द्यावा. नुकतीच व्यालेली गाय कितीही गरीब असली तरी तिच्या वासराजवळ मुलाला नेऊ नये. मूल घाबरले तर ‘एवढ्याला काय घाबरतोस’ म्हणून ढकलू नये. करडू मांडीवर घेऊन बसण्यातही तेवढाच आनंद असतो.

पीक : जानेवारीत ज्वारीच्या पाटांमधून चालणे हे लहान मुलासाठी जंगलातून चालण्यासारखे असते. ताट त्याच्या दुप्पट उंच. पानांची सळसळ, वर कणसांवर पाखरांचे थवे आणि त्यांना हाकणारा राखणदार. पाखरे हाकायची जागा मुलाच्या लगेच लक्षात राहते. पण पानांच्या कडा धारदार असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटाला लावून चाखणे हा जुना खेळ. मात्र फवारणी झाली नसल्याची खात्री करूनच.

काम : दोन वर्षांचे मूल कोंबड्यांना मूठभर दाणे टाकू शकते. चार वर्षांचे मूल हरभऱ्याचे घाटे सोलू शकते, छोट्या तांब्याने रोपाला पाणी घालू शकते. सात वर्षांचे मूल कडब्याची पेंढी ओढत गोठ्यापर्यंत नेऊ शकते. शेतकऱ्याच्या खऱ्या कामात आपलाही हात लागला, ही जाणीव मुलाला खेळण्यापेक्षा मोठी वाटते. संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी ताटात पडली की ‘हीच ती ज्वारी’ हे त्याचे त्यालाच सुचते.

मातीत खेळल्याने प्रतिकारशक्ती वाढते का?

समाजमाध्यमांवर हा दावा सर्रास केला जातो. त्यात तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढे सरळ नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांची तुलना करण्यात आली. दोन्ही समाजांचे मूळ आणि राहणीमान मिळतेजुळते. आमिश लोक घोड्यांच्या मदतीने पारंपरिक शेती करतात आणि त्यांचे गोठे घरालगत असतात. हटराइटांची शेती यांत्रिक आहे. आमिश मुलांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के होते. गोठ्यातल्या धुळीतल्या सूक्ष्मजीवांशी लहानपणापासून येणारा संबंध हे त्यामागचे संभाव्य कारण मानले गेले.

फिनलंडमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली गेली. मुले तिच्यात रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीशी निगडित काही घटकांत अनुकूल बदल दिसले.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे : संबंध रोजचा होता. हिवाळ्यातल्या एका रविवारच्या सहलीने दमा टळेल, असे कोणताही अभ्यास सांगत नाही. त्यामुळे शेतावर जावे ते औषध म्हणून नव्हे. मूल माखले तर माखू द्यावे, पण जनावराला हात लावल्यावर आणि खाण्याआधी साबण-पाण्याने हात धुवावेत. मातीने भरलेल्या हातांना सॅनिटायझर चोळून उपयोग होत नाही.

निघण्यापूर्वी लसीकरणाचे कार्डही बघावे. धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिली जाते. तिचे बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि पाच ते सहा वर्षांच्या वयात असतात. हे बूस्टर राहून गेले असतील तर शेताआधी आरोग्य केंद्राची वाट धरावी.

खरा धोका कुठे असतो?

बहुतेक पालकांच्या मनात पहिली भीती सापाची असते. ती चुकीची नाही. पण हिवाळ्यात दिवसाउजेडी, माणसांच्या वावरात लहान मुलाला सर्वांत मोठा धोका असतो तो पाण्याचा.

शेतातली विहीर अनेकदा बिनकठड्याची असते. कडेला गवत वाढलेले असते आणि मुलाला ती दिसेपर्यंत ते काठावर पोहोचलेले असते. कालव्याचे पाणी वरून संथ दिसते, पण सिमेंटच्या उतारावर पाय ठरत नाही. परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे जाळे आहे. शेततळे हा त्याहून फसवा प्रकार. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ती गावोगावी झाली. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याची कड शेवाळाने इतकी निसरडी होते की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही आधाराशिवाय वर येता येत नाही. त्यात पडलेले मूल वाचवायला उडी घेणारा मोठा माणूसही अडकतो. म्हणून शेततळ्याला कुंपण हवे आणि काठावर गाठी मारलेला दोर किंवा हवा भरलेली ट्यूब हवी.

यावर उपाय साधा आहे. शेतावर पोहोचताच मूल खाली उतरवण्याआधी एका मोठ्या माणसाने शेतकऱ्यासोबत फेरी मारून पाणी कुठे कुठे आहे ते बघावे. मग दिवसभरासाठी मुलाची जबाबदारी एकाच व्यक्तीवर, नाव घेऊन सोपवावी. दर तासाने ती दुसऱ्याने घ्यावी. दहा मोठी माणसे असलेल्या गोतावळ्यात ‘कुणी तरी बघत असेल’ असे प्रत्येकाला वाटते आणि नेमके तेव्हाच कुणी बघत नसते. पाच वर्षांखालचे मूल हाताच्या अंतरावर असावे. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा माणूस त्या क्षणी राखणदार नसतो.

पाण्याखालोखाल या गोष्टींकडे लक्ष हवे :

ट्रॅक्टर : मडगार्डवर मुलाला बसवून फेरी मारण्याचा आग्रह होतो. तो नाकारावा. मुलाला बंद ट्रॅक्टरवर बसवून स्टिअरिंग फिरवू द्यावे, त्याचे तेवढ्याने भागते.

बाटल्या : आखाड्यावर, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या शीतपेयाच्या जुन्या बाटलीत कीटकनाशक असू शकते. घरून आणलेल्या बाटलीशिवाय मुलाने कशालाही तोंड लावू नये.

वीज : मोटारीचा स्टार्टर, उघड्या वायरी आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात सोडलेला वीजप्रवाह. असा प्रवाह सोडणे बेकायदा आहे, तरी त्यातून मृत्यू होतात. तारेच्या कुंपणाला मुलाने हात लावू नये.

आगटी : वरून राख थंड दिसते, आत निखारे असतात. पाहुणे उठून गेल्यावर पाणी ओतून आगटी विझवावी. मुले तेव्हाच तिकडे फिरकतात. आगटी पेटवण्याआधी वर झाडाला आग्या मोहोळ नाही ना, हे बघावे. धूर लागला की माश्या उठतात आणि पळू न शकणारे लहान मूल सर्वांत आधी सापडते.

खाजकुइली : कुंपणावर वाळलेल्या, मखमली लव असलेल्या शेंगा मुलांना खुणावतात. ती लव अंगाला लागली की प्रचंड खाज सुटते.

अपघात झालाच तर?

साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. मुलाला शांत ठेवावे, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. मुक्कामाचा बेत असेल तर जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा सोपा उपाय.

लाल विंचवाचा दंश लहान मुलासाठी जीवघेणा ठरू शकतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना प्राझोसिन या औषधाचा यावरचा उपयोग १९८० च्या दशकात जगासमोर मांडला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. पण हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. म्हणून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसण्याची वाट न बघता रुग्णालयात न्यावे.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. शेतावर पोहोचल्यावर मोबाइलला रेंज आहे का आणि सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, या दोन गोष्टी शेतकऱ्याला आधीच विचारून ठेवाव्यात.

यात शेतकऱ्याला काय मिळते?

शेत ही शेतकऱ्याची कामाची जागा आहे. पाहुण्यांनी हौसेने मोडलेले प्रत्येक कणीस हे त्याच्या खळ्यातले धान्य असते, तुडवलेला प्रत्येक पाट हा जनावराच्या तोंडचा कडबा असतो. म्हणून न विचारता काही तोडू नये, हे मुलाला आधी शिकवावे आणि मोठ्यांनीही पाळावे. नात्यातल्या शेतावर गेल्यावर पैसे देणे अवघड वाटते. तिथे हरभरा, ज्वारी, भाजी बाजारभावाने विकत घेऊन यावी. सालगड्याच्या लेकरांसाठी खाऊ न्यायला विसरू नये. पाहुण्यांच्या मुलांशी दिवसभर खेळतात ती बहुधा तीच असतात.

रब्बी ज्वारीचे क्षेत्र गेली काही दशके घटत आले आहे. काढणीला माणसे मिळत नाहीत, पाखरे राखायला घरात कोणी उरलेले नाही, कापूस आणि सोयाबीनचा पैसा लवकर हाती येतो, रेशनवर गहू स्वस्त मिळतो. अशा वेळी ज्वारीचा एक तुकडा हुरड्यासाठी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला धान्य होण्याआधीच रोख पैसा मिळतो आणि पीक टिकवायला एक कारण मिळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा ज्वारीचे खूप कौतुक झाले. पण परभणीच्या शेतकऱ्याला ज्वारी पेरावीशी वाटेल की नाही, हे ती खाणारी पिढी तयार होते का यावर ठरणार आहे. ती पिढी आज चार-पाच वर्षांची आहे.

थोडक्यात, बेत कसा आखावा?

जानेवारीतला एखादा दिवस, शक्यतो सुट्टीच्या गर्दीतला नको. दोन-तीन कुटुंबांपेक्षा जास्त माणसे नकोत. मुलाला पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, टोपी आणि कपड्यांचे दोन जोड. सोबत उकळलेले पाणी, साबण, ओळखीचा खाऊ, मुलाची नेहमीची औषधे आणि अंथरायला जाड सतरंजी. दुपारच्या झोपेची वेळ चुकवू नये. आखाड्यावरच्या बाजेवर काढलेली तासाभराची झोप हा सहलीचाच भाग समजावा.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही जाहिरातीत नसते. शक्य असेल तर त्याच शेतावर पुन्हा जावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी झाल्यावर एकदा बांधावरून, जानेवारीत हुरड्याला आणि मार्चमध्ये काढणीला. एकदा गेलेल्या मुलाला शेत म्हणजे सहलीची जागा वाटते. तीनदा गेलेले मूल विचारते, ‘आपली ज्वारी आता केवढी झाली असेल?’